थंड वसंत, रिकामा सापळा आणि नोंदवही

वसंत आला तरी रात्री गारच राहिल्या, की पतंगांसाठी प्रकाश-सापळा (दिव्याकडे आलेले पतंग मोजण्यासाठी धरून ठेवणारी पेटी) लावणाऱ्या वाचकांच्या पत्रांचा सूर बदलतो. एरवी ‘हा कोणता पतंग?’ असे विचारणारे वाचक ‘पतंगच येत नाहीत, आता काय करावे?’ असे विचारू लागतात. समशीतोष्ण प्रदेशांतील वसंतासंबंधी आलेल्या अशाच काही प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे. प्रश्न निरनिराळ्या वाचकांचे असले तरी बहुतेकांच्या मुळाशी एकच बाब आहे. सापळ्यात किती पतंग आले आणि परिसरात किती पतंग आहेत, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि त्या दोहोंतील अंतर थंड वसंतात फार वाढते.

प्रश्न : वसंत सुरू होऊन बरेच दिवस लोटले, तरी माझ्या सापळ्यात एका रात्रीत एखाददुसराच पतंग सापडतो, कित्येकदा एकही नसतो. अशा रात्री सापळा लावण्यात काही अर्थ आहे का? त्यापेक्षा उबदार रात्रींची वाट पाहून तेव्हाच लावला तर चालेल का?

उत्तर : सापळा लावावा, आणि आधी ठरवलेल्या रात्रीच लावावा, असे माझे स्पष्ट मत आहे. सापळ्यातील संख्या तीन गोष्टींवर अवलंबून असते : परिसरात प्रौढ पतंग किती आहेत, त्यांतले त्या रात्री किती उडाले, आणि उडालेल्यांपैकी किती दिव्याच्या आवाक्यात आले. गारठ्याच्या रात्री पहिल्या गोष्टीत तिळमात्र फरक पडलेला नसताना दुसरी जवळपास शून्यावर येऊ शकते. पतंग तेथेच, झाडाच्या सालीवर किंवा पालापाचोळ्यात, बसून असतात. ते फक्त उडत नाहीत. आपण उबदार रात्री तेवढ्या निवडल्या, तर थंड वसंतातल्या त्या मोजक्या रात्रींचे आकडे एखाद्या सर्वसाधारण वसंतासारखे दिसतील आणि जी गोष्ट नोंदण्यासारखी होती, ती गारठ्याची, नेमकी वहीतून गळून जाईल.

याला संख्याशास्त्रातही जुना आधार आहे. इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथील कीटकशास्त्रज्ञ सी. बी. विल्यम्स यांनी १९३३ साली तेथे प्रकाश-सापळा चालवण्यास सुरुवात केली, आणि रोजची पकड व हवामान यांचा संबंध शोधताना त्यांच्यापुढे एक अडचण उभी राहिली. एका रात्री तीन आणि दुसऱ्या रात्री शंभर पतंग आले, तर साधी सरासरी त्या एका भरगच्च रात्रीच्या मुठीत जाते. म्हणून त्यांनी संख्यांचे लॉगरिदम घेऊन सरासरी काढली. आणि शून्याचा लॉगरिदम निघत नसल्यामुळे प्रत्येक रात्रीच्या संख्येत आधी एक मिळवून अखेरीस तो वजा करण्याची रीत घातली. आता समजा, चार रात्रींची पकड ०, ३, ० आणि ९९ अशी आहे. साधी सरासरी २५.५ येते, पण अशा साडेपंचवीस पतंगांची रात्र त्या चारांत एकही नाही. विल्यम्स यांच्या रीतीने सरासरी साधारण ३.५ येते. दोन रिकाम्या रात्री वगळल्या, तर त्याच रीतीने ती १९ होते. केवळ शून्ये न लिहिल्यामुळे आकडा पाचपटींहून अधिक फुगतो, हे एकदा स्वतः कागदावर करून पाहावे, म्हणजे रिकाम्या रात्रीची नोंद किती मोलाची आहे हे पटते.

नोंदवहीतील मोकळी जागा आणि लिहिलेले शून्य यांत मोठा फरक आहे. मोकळी जागा दिसली की पुढे वाचणाऱ्याला सापळा लावला नव्हता, दिवा बंद पडला होता, की पतंग आले नव्हते, हे कळण्याचा मार्ग राहत नाही. त्यामुळे शून्य लिहिताना सोबत दिवा किती वाजता लावला, पहाटेपर्यंत चालू होता का, आणि हवा कशी होती, एवढे जरूर लिहावे. ब्रिटनमधील गार्डन मॉथ स्कीम या बागेतील पतंगांच्या नोंदींच्या उपक्रमात सहभागी निरीक्षक मार्चपासून नोव्हेंबरपर्यंत आठवड्यातून एक रात्र सापळा लावतात. ही शिस्त घरगुती निरीक्षकालाही झेपणारी आहे. वादळ किंवा मुसळधार पाऊस असेल, तर विजेच्या उपकरणांच्या सुरक्षिततेसाठी रात्र पुढे ढकलणे योग्यच आहे. मात्र ढकलल्याचे आणि त्यामागच्या कारणाचे टिपण ठेवावे. केवळ ‘आज गारठा आहे, काही येणार नाही’ हे कारण त्यासाठी पुरेसे नाही.

प्रश्न : हात बधिर करणाऱ्या थंडीतही दोन-चार पतंग दिव्यावर आलेले मी पाहिले आहेत. शीत रक्ताचा कीटक इतक्या गारठ्यात उडतो कसा? आणि काहींना जमते, तर बाकीच्यांना का जमत नाही?

उत्तर : या प्रश्नाचा सर्वांत बारकाईने अभ्यास जीवशास्त्रज्ञ बर्न्ड हाइनरिश यांनी हिवाळ्यात उडणाऱ्या पतंगांवर केला. पंख हलवणारे स्नायू वक्षात, म्हणजे डोके आणि उदर यांच्यामधल्या भागात, असतात आणि बहुतेक जाड शरीराच्या पतंगांत ते स्नायू पुरेसे तापल्याखेरीज उड्डाणाचा वेग गाठू शकत नाहीत. म्हणून असा पतंग उडण्यापूर्वी थरथरतो. पंख वर नेणारे आणि खाली आणणारे स्नायू एकाच वेळी आकुंचित होतात, त्यामुळे पंख केवळ कंप पावतात आणि त्या कामाची सगळी ऊर्जा उष्णता म्हणून वक्षात साठते. हवा शून्य अंशाजवळ असतानाही काही जातींच्या वक्षाचे तापमान उड्डाणाच्या वेळी ३० अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याहून अधिक असते. ही उष्णता टिकवण्यासाठी वक्षावर लांब, केसांसारख्या खवल्यांचे दाट आवरण असते. वक्ष आणि उदर यांच्यामध्ये हवेच्या पिशव्या असतात. आणि उदराकडे जाणाऱ्या व तिकडून परतणाऱ्या रक्तद्रवाचे प्रवाह एकमेकांना असे लगटून वाहतात, की बाहेर पडू पाहणारी उष्णता परतणाऱ्या प्रवाहाबरोबर पुन्हा वक्षात येते. सकाळी सापळ्यातल्या पुठ्ठ्याच्या ट्रेवर बसलेल्या पतंगाला हलकेच स्पर्श करून पाहा. तो लगेच उडत नाही. पंख किंचित विलग करून, एखादे यंत्र सुरू व्हावे तसा मिनिटभर किंवा अधिक वेळ थरथरत राहतो, आणि मग एकदम झेपावतो. गारठा जितका जास्त, तितका हा वेळ लांबतो.

यासाठी ऊर्जा लागते, आणि तीच या पतंगांची अडचण आहे. फार थंडीत तापण्याचा खर्च उड्डाणातून मिळणाऱ्या लाभापेक्षा जड होतो, तेव्हा पतंग बसून राहतो. वसंतात उडणाऱ्या ऑर्थोसिया वंशातील पतंगांची गोष्ट मला फार लक्षवेधी वाटते. त्यांचे प्रौढ शरीर हिवाळ्याच्या आधीच कोषात पूर्ण घडलेले असते आणि ते जमिनीत, कोषाच्या आवरणाआड, उबेची वाट पाहत थांबते. त्यामुळे थंड आठवड्यांनंतर एखादी सौम्य रात्र आली, की एकाच वेळी पुष्कळ पतंग बाहेर पडतात आणि काल रिकामा असलेला सापळा आज भरतो. परिसरात पतंग एका रात्रीत वाढले असा याचा अर्थ होत नाही.

दुसरा मार्ग अगदी वेगळा आहे. ऑपेरोफ्टेरा वंशातील नर पतंग, ज्यांना सामान्यतः हिवाळी पतंग म्हणतात, थरथरून तापत नाहीत. त्यांचे शरीर हलके आणि त्या मानाने पंख मोठे असल्याने मंद गतीने पंख हलवूनही ते हवेत राहू शकतात. स्नायू जवळजवळ भोवतालच्या हवेइतकेच थंड असतानाही त्यांचे काम भागते. लवकर वसंतात उडणाऱ्या नाजूक शरीराच्या भूमापी पतंगांकडे (ज्यांच्या अळ्या जमीन मोजल्यासारख्या चालतात) पाहिले, की अंगावर दाट लव नसताना ते गारठ्यात का दिसतात याचा उलगडा होतो.

प्रश्न : तापमान नेमके केव्हा आणि कोठे मोजावे? हवामान-अॅपवरचा आकडा लिहिला तर पुरेसा आहे का? ढग, वारा आणि चंद्र यांचीही नोंद ठेवावी का?

उत्तर : अॅपवरचा आकडा एखाद्या केंद्राचा किंवा संगणकीय अंदाजाचा असतो, आपल्या कुंपणाच्या आतला नसतो. कमाल-किमान दाखवणारा साधा तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, भिंतीपासून आणि दिव्यापासून दूर, उघड्या आकाशाखाली थेट न येईल असा टांगावा. दोन आकडे हवेत : सूर्यास्तानंतर दिवा लावतानाचा आणि रात्रभरातील किमान. यांपैकी केवळ किमान तापमान लिहिण्याची सवय अनेकांना असते, पण वसंतात संध्याकाळचा आकडा मला अधिक बोलका वाटतो, कारण लवकर उडणाऱ्या कित्येक जाती अंधार पडल्यानंतरच्या पहिल्या काही तासांतच फिरतात. संध्याकाळी नऊ अंश असून पहाटे एकवर उतरलेली रात्र आणि रात्रभर चारवर अडकलेली रात्र यांची पकड सारखी नसते. पहिली बहुधा बरी ठरते, पण केवळ किमान आकडा पाहिला तर तीच वाईट वाटेल.

आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असेल, तर जमीन झपाट्याने उष्णता गमावते आणि गवतालगतची हवा तापमापकाच्या उंचीवरील हवेपेक्षा काही अंशांनी थंड होते. ढग असले की ही घट रोखली जाते. म्हणून थंड वसंतातही ढगाळ, दमट, संथ रात्र हाताशी आली तर पकड चांगली मिळते. वाऱ्याची नोंद ‘नाही, मंद, जोराचा’ एवढ्या तीन शब्दांत केली तरी चालेल. पौर्णिमेच्या सुमारास पकड घटते, हे बहुतेक निरीक्षकांच्या वह्यांत दिसते. निरभ्र पौर्णिमेची रात्र अनेकदा थंडही असते, त्यामुळे घट चंद्रामुळे की थंडीमुळे हे वेगळे काढायचे असेल, तर ढग आणि तापमान दोन्ही लिहिलेले असावे लागते.

प्रश्न : माझा सापळा बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या अतिनील नळीदिव्याचा आहे. माझ्या परिचयातील एक निरीक्षक पारा-बाष्प दिवा वापरतात आणि त्यांची पकड नेहमी कित्येक पटींनी अधिक असते. थंडीत तर माझा सापळा निरुपयोगीच वाटतो. दिवा बदलावा का?

उत्तर : दिवा बदलण्याआधी थंडीचा परिणाम पतंगांबरोबर आपल्या उपकरणावरही होतो, हे लक्षात घ्यावे. याचा उल्लेख फार थोडे निरीक्षक करतात, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

नळीदिव्याच्या आत थोडासा पारा असतो आणि नळीतील त्याच्या बाष्पाचा दाब नळीच्या सर्वांत थंड भागाच्या तापमानावर ठरतो. साधारण जाडीच्या नळ्या भोवतालची हवा २५ अंशांच्या आसपास असताना सर्वाधिक प्रकाश देतात. हवा गार झाली की बाष्पाचा दाब उतरतो आणि प्रकाशही घटतो. त्यात वारा थेट नळीवर येत असेल, तर घट आणखी वाढते. म्हणजे ज्या रात्री पतंग कमी उडतात, त्याच रात्री आपला दिवाही मंद असतो, आणि दोन्ही परिणाम एकाच आकड्यात मिसळून जातात. नळीभोवती अतिनील किरणे अडवणार नाही असे पारदर्शक आवरण किंवा वाऱ्याच्या बाजूला आडोसा दिला, तर हा परिणाम बराच सौम्य होतो. शिसे-आम्ल बॅटरीची क्षमताही थंडीत घटते. उन्हाळ्यात पहाटेपर्यंत पुरणारी बॅटरी वसंतातल्या गार रात्री मध्यरात्रीनंतर मान टाकू शकते. सकाळी सापळ्याजवळ जाताना दिवा चालू आहे की नाही हे आधी पाहावे, कारण उजेड झाल्यावर आपोआप बंद होणारी कळ जोडलेली असेल, तर दिवा पहाटे बंद झाला की रात्रीच, हे मागाहून कळत नाही. याशिवाय नळी जुनी झाली, की डोळ्यांना दिसणारा प्रकाश फारसा न बदलताही अतिनील प्रकाश कमी होत जातो. नवी नळी हंगामाच्या आरंभी बसवावी आणि ती तारीख वहीत लिहावी. हंगामाच्या मध्यात बदलली, तर बदलाच्या दोन्ही बाजूंचे आकडे सरळ जोडता येत नाहीत.

पारा-बाष्प दिवा एकदा तापला की बाहेरच्या थंडीचा त्याच्यावर तेवढा परिणाम होत नाही, पण त्याच्या स्वतःच्या अडचणी आहेत. काच इतकी तापते की पावसाचा थेंब पडून ती तडकू शकते, म्हणून वर आच्छादन लागते. वीज क्षणभर गेली, तरी दिवा निवाल्याशिवाय पुन्हा पेटत नाही. आणि त्याच्याकडे सरळ पाहणे डोळ्यांना अपायकारक आहे. युरोपीय संघात अशा दिव्यांची नवी विक्री २०१५ पासून थांबल्यामुळे तेथील निरीक्षक एलईडीकडे वळत आहेत. अतिनील एलईडीचा प्रकाश थंडीत घटत नाही, किंचित वाढतोच, हा थंड वसंतात त्याचा मोठा गुण आहे.

आता तुलनेविषयी. १९५० साली रॉबिन्सन बंधूंनी ज्या रचनेचे वर्णन केले, ती शंकूच्या गळ्याची आणि तीव्र पारा-दिव्याची रचना, आणि आपल्यासारखा छोटा नळीचा सापळा ही दोन वेगळी मापे आहेत. एकाच्या संख्येशी दुसऱ्याची संख्या ताडून पाहण्यात हशील नाही. दिवा पतंगांना दुरून बोलावत नाही, हेही ध्यानात ठेवावे. खुणा केलेले पतंग सोडून केलेल्या प्रयोगांत मंद दिव्यांचा आवाका काही दशक मीटरांपेक्षा अधिक आढळलेला नाही. सॅम्युएल फॅबियन, यश सोंधी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वेगवान कॅमेऱ्यांच्या साहाय्याने दाखवले, की उडणारे कीटक आपली पाठ उजेडाच्या बाजूला वळवतात. मोकळ्या रात्री उजळ बाजू म्हणजे आकाश असते, पण दिव्याजवळ ही सवय त्यांना त्याच्याभोवती घिरट्या घालायला लावते. म्हणजेच जो पतंग मुळात उडत नाही, त्याच्यावर दिव्याची मात्रा चालत नाही. गारठ्यात दिव्याची शक्ती वाढवून बसलेले पतंग उठत नाहीत. आपला छोटा सापळा, तोच दिवा, तीच जागा आणि तेच तास कायम ठेवून वर्षानुवर्षे चालला, तर तो दर हंगामी बदलणाऱ्या मोठ्या सापळ्यापेक्षा अधिक उपयोगी आहे.

प्रश्न : मागील वर्षाच्या मानाने या वसंतात एक नेहमीची जात माझ्याकडे बऱ्याच उशिरा दिसली. ‘यंदा ही जात उशिरा आली’ असे मी लिहू शकतो का?

उत्तर : आपण ‘पहिली नोंद या तारखेची’ असे निःशंकपणे लिहावे, ‘जात उशिरा आली’ हे लिहिण्याआधी मात्र थांबावे. पहिली तारीख ही एका पतंगाची गोष्ट असते. ज्या वर्षी ती जात विपुल असते किंवा आपण अधिक रात्री सापळा लावतो, त्या वर्षी तो पहिला पतंग लवकर हाती लागण्याची शक्यता वाढते. जात विरळ असेल तर पहिली नोंद उशिराची दिसते, जरी उड्डाणाचा काळ मुळीच सरकलेला नसला तरी. थंड वसंतात तर आणखी गुंता होतो : पतंग कोषातून वेळेवर बाहेर पडलेले असूनही गारठ्यामुळे उडत नसतील, तर उशीर त्यांच्या जन्मात नसून उड्डाणात असतो.

त्यापेक्षा मधली तारीख काढावी. हंगामभरात त्या जातीचे जेवढे पतंग मोजले, त्यांचा निम्मा आकडा ज्या रात्री पूर्ण झाला ती ही तारीख. ठराविक अंतराने, शून्यांसह नोंदी असतील, तर ती पहिल्या तारखेपेक्षा कितीतरी स्थिर असते. ती काढताना हंगाम संपेपर्यंत थांबावे लागते, याला इलाज नाही. थंडीने कोषातील वाढ मंदावली, की निरनिराळ्या जातींच्या तारखा सारख्याच प्रमाणात सरकत नाहीत. कोषात पूर्ण घडून बसलेल्या जाती पहिल्या उबेबरोबर बाहेर येतात, तर ज्यांची वाढ वसंतातच पुरी व्हायची असते त्या अधिक रेंगाळतात. त्यामुळे एप्रिल अखेरीस ‘लवकरच्या’ आणि ‘उशिराच्या’ जाती एकाच ट्रेवर शेजारी बसलेल्या दिसल्या, तर ओळख चुकली असे लगेच समजू नये.

आणखी एक लहान पण जरुरीची गोष्ट. रात्र दोन तारखांत विभागलेली असते. ज्या संध्याकाळी दिवा लावला, त्या संध्याकाळची तारीख लिहिण्याचा प्रघात बहुतेक ठिकाणी आहे. आपण कोणताही प्रघात पाळा, पण तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा आणि मध्येच बदलू नका.

प्रश्न : सापळा रिकामा असताना पतंग शोधण्याचा दुसरा काही मार्ग आहे का? आणि तशा नोंदी सापळ्याच्या नोंदींत मिळवाव्यात का?

उत्तर : मार्ग आहेत, आणि थंड वसंतात ते आवर्जून वापरावेत, पण ‘पद्धत’ या रकान्यात त्यांचा वेगळा उल्लेख असावा आणि त्यांची संख्या सापळ्याच्या संख्येत मिसळू नये. सर्वांत फलदायी म्हणजे विलोच्या फुलोऱ्याखाली अंधार पडल्यावर विजेरी घेऊन जाणे. मकरंद देणारी दुसरी फुले फारशी नसतात तेव्हा ऑर्थोसिया गॉथिका, ऑर्थोसिया सेरासी यांसारखे पतंग या फुलोऱ्यावर गोळा होतात, आणि ज्या रात्री सापळ्यात एकही नाही त्या रात्रीही तेथे ते दिसू शकतात. विजेरीच्या उजेडात आधी त्यांचे डोळे चमकतात. फांदी हलवली की कित्येक जण न उडता सरळ खाली पडतात, म्हणून खाली पांढरे कापड अंथरावे. साखरेचा आंबूस, घट्ट पाक झाडाच्या बुंध्यावर लावूनही काही जाती येतात.

काही पतंग तर सापळ्यात कधीच येणार नसतात. अॅग्रिओपिस मार्जिनारिया, अल्सोफिला एस्क्युलारिया यांसारख्या लवकर वसंतातील जातींच्या माद्यांना उडण्याजोगे पंखच नसतात. त्या कोषातून बाहेर पडून बुंध्यावर चढतात आणि नर त्यांना गंधावरून शोधतात. वही केवळ सापळ्यावर चालली, तर या जातींचे फक्त नरच नोंदले जातील. रात्री बुंधे डोळ्यांच्या उंचीपर्यंत तपासले, तर पिंपासारख्या गोल शरीराची, सहा लांब पायांवर चालणारी मादी दिसते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो पतंग आहे हे खरे वाटत नाही. सॅटर्निया पाव्होनिया या देखण्या पतंगाचा नर भर दिवसा उडतो आणि त्यासाठी कृत्रिम गंधाचे आमिष वापरले जाते. त्याची मादी मात्र कधीकधी दिव्यावर येते.

प्रश्न : थंड सकाळी सापळ्यातले पतंग अगदी निपचित असतात. त्यांना तेथेच झटकून टाकले तर चालेल का?

उत्तर : कृपया तसे करू नये. गारठलेला पतंग उडू शकत नाही, आणि सापळ्याच्या जागी रोज सकाळी खाऊ मिळतो हे पक्षी फार लवकर शिकतात. मोजणी झाल्यावर पतंग बसलेले ट्रे सावलीत, थंड जागी झाकून ठेवावेत आणि संध्याकाळी सापळ्यापासून दूर, दाट झुडपांच्या तळाशी पतंग हलकेच उतरवावेत. त्याच रात्री पुन्हा सापळा लावायचा नसेल तर उत्तमच. म्हणजे तेच पतंग दुसऱ्यांदा मोजले जाणार नाहीत. त्यांना घरात उबेला ठेवणे टाळावे : ते तापून डबीत फडफडतात, खवले गमावतात आणि साठवलेली ऊर्जा वाया घालवतात. सापळ्याच्या बाहेर, भिंतीवर किंवा गवतात बसलेले पतंगही मोजावेत. गार रात्री बरेच जण दिव्यापर्यंत येऊनही आत शिरण्याआधीच बसकण मारतात. त्यांचा आकडा वेगळा लिहावा.

प्रश्न : झिजलेल्या पतंगाची जात निश्चित होत नाही, तेव्हा काय लिहावे?

उत्तर : जेथवर खात्री आहे तेथवर. ऑर्थोसिया वंशातील काही जातींत रंग एवढा बदलतो की केवळ रंगावरून निवाडा करणे धोक्याचे आहे. पंखांवरील वर्तुळाकार व मूत्रपिंडाकार खुणा, कडेजवळची रेषा आणि आकारमान एकत्र पाहावे लागते. जे समूह बाहेरून वेगळे काढताच येत नाहीत, त्यांची नोंद समूह म्हणून करावी. वंशाच्या पातळीवरची खरी नोंद जातीच्या पातळीवरच्या अंदाजापेक्षा केव्हाही बरी. छायाचित्र काढताना पट्टी शेजारी ठेवावी.

प्रश्न : असा थंड वसंत पतंगांच्या संख्येला मारक ठरतो का? पुढच्या वर्षी पतंग कमी होतील का?

उत्तर : थंडी म्हणजे नुकसान, असे समीकरण पतंगांच्या बाबतीत मांडता येत नाही. रॉथॅमस्टेडच्या सापळ्यांच्या जाळ्यातून १९६८ पासून गोळा झालेल्या नोंदींवरून आर्क्टिया काजा या केसाळ अळीच्या पतंगाचा अभ्यास झाला, तेव्हा ओले हिवाळे आणि उबदार वसंत यांच्यामागोमाग त्याची संख्या घटत गेल्याचे दिसले. ही जात हिवाळा अळीच्याच अवस्थेत काढते. याउलट ज्या जातींच्या अळ्यांना कोवळ्या पालवीची अचूक वेळ गाठायची असते, त्यांच्यासाठी अंड्यातून बाहेर पडण्याची वेळ आणि कळ्या फुटण्याची वेळ यांचा मेळ महत्त्वाचा. ऑपेरोफ्टेरा ब्रुमाटा आणि ओक यांच्या बाबतीत वसंत उबदार होत गेल्याने हा मेळ बिघडल्याचे नेदरलँड्समधील अभ्यासात आढळले आहे. थंडीमुळे दोन्ही गोष्टी लांबणीवर पडतात. त्या सारख्याच लांबल्या तर अळीची उपासमार होत नाही.

एका वसंताच्या आकड्यांवरून पुढील वर्षाचे भाकीत करता येणार नाही, ते याचमुळे. ब्रिटनमधील रॉथॅमस्टेडच्या सापळ्यांत १९६८ ते २०१७ या काळात मोठ्या पतंगांची एकूण संख्या ३३ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. पण हा कल दिसण्यासाठी पन्नास वर्षे एकाच रचनेचे सापळे, त्याच प्रकारच्या दिव्यांनी, चांगल्या-वाईट सर्व रात्री चालू ठेवावे लागले. आपल्या परिसरापुरते पाहायचे असेल, तर या वसंतात ज्या जातींची पकड फार घटली त्यांची यादी करून ठेवावी आणि पुढील वसंतात त्यांचीच मधली तारीख व विल्यम्स यांच्या रीतीची सरासरी काढावी. हिवाळा अंड्यात, अळीत, कोषात आणि प्रौढावस्थेत काढणाऱ्या जाती या यादीत वेगवेगळ्या गटांत मांडल्या, तर गारठ्याचा फटका नेमका कोणत्या अवस्थेला बसला हे पुढच्या हंगामाच्या अखेरीस काही अंशी उमगू शकेल.